मोकळ्या अंगणासाठी कोंबडी कोणती घ्यावी?

गाईगुरे, शेळ्या आणि कोंबड्या एकाच वाड्यात सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी



आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. "घरी बैलजोडी, एक गाय आणि चार-पाच शेळ्या आहेत. त्याच अंगणात वीसेक कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आहेत. जात कोणती घ्यावी?" रेडिओवरच्या दहा मिनिटांत याचे उत्तर पुरे होत नाही. म्हणून हे पत्रक. वाचून झाले की घरातल्या कारभारणीच्या हाती द्या. बहुतेक घरांत कोंबड्या तीच सांभाळते आणि अंड्यांच्या पैशावर मीठ-मिरची, पोरांच्या वह्या तीच भागवते.

पहिली चूक माझीच

नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. बी.एस्सी. कृषीची पदवी ताजी होती. कोणती कोंबडी वर्षाला किती अंडी घालते, याचा तक्ता तोंडपाठ होता. एका गावातल्या मावशींनी मला वरचाच प्रश्न विचारला. मी तक्त्यातली सर्वांत मोठी संख्या पाहिली आणि व्हाईट लेगहॉर्नच्या वीस तलंगा घ्या, असे सांगून मोकळा झालो. मावशींनी एक करडू विकून पैसे उभे केले.

दीड महिन्याने त्या वाटेने गेलो, तर वीसपैकी सहा उरल्या होत्या. पाच शिकारी पाखरांनी उचलल्या. पांढरा रंग आभाळातून लांबून दिसतो. दोन बैलांच्या पायाखाली गेल्या. तीन शेजारच्या कुत्र्याने मारल्या. चार जणी अंधार पडल्यावर खुराड्यात न येता कुंपणावरच बसून राहत, त्या रानमांजराने नेल्या. त्याच अंगणात मावशींची जुनी तांबडी गावरान कोंबडी आठ पिल्ले घेऊन उकिरडा उकरीत होती. मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमची कोंबडी अंडी लई घालती म्हणता, पन तिला जीव सांभाळता येत न्हाई."

त्यांचे बोलणे खरे होते. लेगहॉर्न ही कोंबडी वाईट नाही. जाळीच्या घरात, तयार खाद्यावर, ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. पण तक्त्यातला आकडा त्या घराचा होता, मावशींच्या अंगणाचा नव्हता. करडू मात्र त्यांचे गेले. तेव्हापासून जात सांगण्याआधी मी अंगण पाहतो. तुम्हीही तसेच करा.

मोकळ्या कोंबडीच्या अंगी काय हवे?

१. रंग मातीशी मिळता हवा. तांबडी, तपकिरी, काबरी किंवा काळी कोंबडी झुडपात आणि पाचोळ्यात लपते. पांढरी लपत नाही.

२. अंग हलके आणि पाय लांब हवेत. कुत्रा धावून आला तर उडी मारून गव्हाणीवर, भिंतीवर चढता आले पाहिजे. तीन किलोच्या पुढे वजन गेलेल्या कोंबडीला ते जमत नाही. बैलाने पाय उचलला की चटकन बाजूला होणे हेही हलक्या अंगाचे काम आहे.

३. सावधपणा हवा. घारीची सावली पडताच मान वर करून ओरडणारी आणि आडोशाला पळणारी कोंबडी स्वतः वाचते, बाकीच्यांनाही वाचवते. मात्र सावधपणा वेगळा आणि घाबरटपणा वेगळा. घाबरट कोंबडी वासराने शेपटी हलवली तरी कुंपणापलीकडे जाते आणि तिथे कुत्र्याच्या तोंडी सापडते.

४. चरण्याची सवय हवी. उकिरडा उकरणे, शेणातल्या अळ्या वेचणे, नांगरामागे जाऊन हुमणी टिपणे, खळ्यावरचे दाणे गोळा करणे हे ज्या कोंबडीला येते, तिचे निम्मे पोट फुकटात भरते. तोंडापुढे खाद्य मागणारी कोंबडी अंगणात परवडत नाही.

५. कळपात काही तरी कोंबड्या खुडूक बसणाऱ्या हव्यात. म्हणजे दरवर्षी पिल्ले विकत आणावी लागत नाहीत.

हे पाचही गुण एकाच जातीत पुरेपूर सापडत नाहीत. जास्त अंडी देणारी कोंबडी सहसा खुडूक बसत नाही आणि खुडूक बसणारी कोंबडी जास्त अंडी देत नाही. यामागचे कारण साधे आहे. गावरान कोंबडी बारा ते अठरा अंडी घालते, मग एकवीस दिवस त्यांच्यावर बसते, त्यानंतर दोनेक महिने पिल्ले वागवते. या साऱ्या काळात तिचे अंडी घालणे बंद असते. असे वर्षातून तीन वेळा झाले की हिशेब पन्नास अंड्यांच्या आसपास येऊन थांबतो. तिला आळशी म्हणू नका. उरलेल्या दिवसांत ती आईचे काम करीत असते.

आता एकेक जात पाहू

गावरान : वर सांगितलेले पाचही गुण थोडेफार हिच्यात आहेत. वर्षाला ४० ते ६० अंडी. वजन दीड किलोच्या आतबाहेर. आपल्या हवापाण्याला आणि कमी खाद्याला सरावलेली. अंड्याला आणि कोंबड्याला बाजारात भावही चांगला मिळतो. पण एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला तर नात्यातल्या नात्यात वीण होऊन पिल्ले खुरटी निघतात. दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा चांगला कोंबडा आणावा.

असील : उंच, काटक, लांब पायांची आणि धीट. कोंबडी उत्तम खुडूक बसते आणि पिल्लांसाठी मुंगसाच्याही अंगावर जाते. पण अंडी कमी देते आणि कोंबडे भांडखोर असतात. दोन असील कोंबडे एका अंगणात ठेवले तर एक रक्तबंबाळ होतोच. ठेवायचाच तर एक ठेवा. झुंजीसाठी मात्र पाळू नका. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा कायद्याने गुन्हा आहे.

कडकनाथ : मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली जात. कातडी, मांस आणि हाडेसुद्धा काळसर असतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. ही कोंबडी चपळ आहे, चरते चांगली आणि काळ्या रंगामुळे लपतेही चांगली. वर्षाला ८० ते १०० अंडी देते, पण खुडूक बसण्यावर भरवसा ठेवता येत नाही. हिचे अंडे काळे नसते, फिकट बदामी असते. काळे अंडे म्हणून कोणी विकत असेल तर तो फसवतो आहे असे समजा. दुसरी सावधगिरी पैशाची. २०१९ साली कडकनाथच्या करार-योजनांत पश्चिम महाराष्ट्रातल्या शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पक्षी वाईट नव्हता, वायदा खोटा होता. गिऱ्हाईक आधी शोधा, पक्षी मागून घ्या.

गिरिराज आणि वनराज : परसातल्या पालनासाठी मुद्दाम तयार केलेल्या सुधारित जाती. गिरिराज बंगळूरला तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. दोन्ही रंगीत आणि दणकट आहेत, अंडी व मांस दोन्हींसाठी चालतात. वनराज मोकळी सोडून वर्षाला १०० ते ११० अंडी देते, गिरिराज थोडी जास्त. कोंबडे लवकर वजन धरतात आणि पैसा लवकर हाती येतो. पण यांना भरपूर खाऊ घातले तर कोंबड्यांवर चरबी चढते, अंडी कमी होतात आणि पळता येत नाही. हात आखडून खाद्य द्या.

ग्रामप्रिया : हीसुद्धा हैदराबादचीच, पण अंड्यांसाठी केलेली. अंगाने वनराजपेक्षा हलकी, म्हणून गुराढोरांत जास्त सुरक्षित. संध्याकाळचे खाद्य नियमित मिळाले तर परसात वर्षाला १६० ते १८० अंडी. अंडे तपकिरी असल्याने गावच्या गिऱ्हाइकाला पटते. खुडूक मात्र बसत नाही.

कारी निर्भीक : बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून तयार केलेली जात. नावाप्रमाणे धीट आहे. जिथे कुत्र्या-मांजरांचा त्रास फार, तिथे ही चांगली. पिल्ले जवळपास मिळतात का, ते आधी पाहा.

ऱ्होड आयलंड रेड : मूळची अमेरिकेची, गडद तांबडी, शांत. अंडी बरी देते. पण अंग जड असल्याने उडता येत नाही. कुंपण पक्के असेल आणि कुत्रा आपलाच असेल, तरच घ्या.

व्हाईट लेगहॉर्न आणि ब्रॉयलर : मोकळ्या अंगणासाठी घेऊ नका. लेगहॉर्नची कथा वर सांगितलीच. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकण्यासाठी वाढवलेला पक्षी आहे. त्याला धावता येत नाही, उन्हाळा सोसत नाही, आणि तो चरण्याऐवजी भांड्यापाशी बसून राहतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया यांची अंडी घरी उबवून पुढची पिढी केली तर आईचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. संकरित ज्वारीचे घरचे बी पेरल्यावर जे होते तेच इथे होते. म्हणून या जातींची पिल्ले दर वेळी खात्रीच्या ठिकाणाहून आणावीत.

वीस पक्ष्यांचा मेळ कसा घालावा?

माझी शिफारस एका जातीची नाही, मेळाची आहे. बारा ग्रामप्रिया, सहा गावरान कोंबड्या आणि दोन गावरान कोंबडे. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. जास्त कोंबडे ठेवले तर नुसती भांडणे आणि खाद्याची नासाडी.

हिशेब असा. अठराही कोंबड्या गावरान ठेवल्या तर दर कोंबडीला ५० प्रमाणे वर्षाची ९०० अंडी होतात. वरच्या मेळात बारा ग्रामप्रियांची, हात राखून दर कोंबडीला १५० धरली तरी, १,८०० अंडी होतात आणि सहा गावरानांची ३००, म्हणजे एकूण २,१००. यातून मर, तुटफूट आणि उबवणीची अंडी म्हणून चौथा हिस्सा वजा करा. तरी दीड हजारांच्या वर अंडी विकायला आणि पोरांना खायला राहतात.

"मग अठराही ग्रामप्रिया का नकोत?" असे तुम्ही विचाराल. कारण तीन आहेत. गावरान कोंबडी पिल्ले काढते, म्हणून वर्षाकाठी सगळा कळप विकत आणावा लागत नाही. दुसरे, घार आली की ती आधी ओरडते आणि तिच्यामागे बाकीच्या पळायला शिकतात. तिसरे, एखाद्या वर्षी खाद्य विकत घ्यायला पैसा नसला, तर ग्रामप्रियाची अंडी लगेच कमी होतात. गावरान मात्र उकिरड्यावर तग धरते.

कोणत्या जनावरासोबत काय जपावे?

गाई-बैल-म्हशी : ही जोडी जुनी आणि फायद्याची आहे. कोंबड्या शेण उकरून माशांच्या अळ्या खातात आणि गोठ्यातले गोचीडही टिपतात. पण गोचीड पूर्ण जातील असे समजू नका, औषध मारावे लागतेच. गुरांवर किंवा गोठ्यात गोचिडाचे औषध फवारले तर तीन-चार दिवस कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नका. विषारी गोचीड खाऊन त्या मरतील.

खुराडे गोठ्यात किंवा गव्हाणीच्या वर करू नका. विष्ठा आणि पिसे वैरणीत पडतात, वैरण नासते, आणि कोंबडीच्या पिसवा गुरांना चावून बेजार करतात. गुरांच्या पाण्याच्या हौदात एक मोठा दगड टाकून ठेवा, म्हणजे पडलेले पिल्लू त्यावर चढेल.

सर्वांत महत्त्वाचे मेलेल्या कोंबडीबद्दल. ती उकिरड्यावर किंवा वैरणीजवळ कधीही टाकू नका. कुजणाऱ्या कोंबडीत एक जंतू जहाल विष तयार करतो. अंगात स्फुरद कमी पडलेली गाय हाडे चघळते. तिने असे हाड चघळले किंवा ते वैरणीत मिसळले, तर तिचे पाय लुळे पडतात, ती बसते ती उठत नाही. एका कोंबडीपायी गाय जाते. मेलेला पक्षी हातभर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

शेळ्या : इथे धोका कोंबडीला नाही, शेळीला आहे. कोंबडीचा भरडा शेळीला फार आवडतो. पोटभर धान्य खाल्ले की तिच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते, ती सुस्त पडते, पातळ हगते आणि उपचार वेळेवर झाला नाही तर मरते. तयार खाद्याचा धोका आणखी वेगळा आहे. त्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधे मिसळलेली असू शकतात. घोड्याला ती थोडीसुद्धा घातक ठरतात आणि गाई-शेळ्यांनाही जास्त गेली तर बाधतात. म्हणून कोंबड्यांचे खाद्य खुराड्याच्या आत द्या. दार वीतभर रुंद आणि दीड वीत उंच ठेवा, मोठी शेळी आत शिरत नाही. करडे मात्र शिरतात, त्यांना खाद्याच्या वेळी बांधून ठेवा. एक दिलासाही देतो. कोंबड्यांची रक्ती हगवण शेळ्यांना लागत नाही आणि शेळ्यांची कोंबड्यांना लागत नाही. दोन्हींचे जंतू वेगळे असतात.

कुत्रा आणि मांजर : घरचा कुत्रा पिल्लू असतानाच कोंबड्यांत वाढवला तर तोच पुढे राखणदार होतो. एकदा कोंबडी मारून खाल्लेल्या कुत्र्यावर मात्र पुन्हा विश्वास टाकू नका. कोंबडी कापल्यावर आतडी, पिसे कुत्र्यापुढे टाकायची सवय सोडा. चटक तिथूनच लागते. मांजर मोठ्या कोंबडीच्या वाटेला जात नाही, पण महिनाभराच्या आतली पिल्ले उचलते. घूसही पिल्ले नेते.

बदके : बदके आणि कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवू नका. बदक पाणी सांडून जमीन ओली करते आणि ओल्या जमिनीत कोंबडीला हगवण लागते. शिवाय बर्ड फ्ल्यूचा विषाणू बदकाच्या अंगात असूनही ते कधी कधी आजारी दिसत नाही. २००६ साली नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात या रोगाने काय झाले ते आपण पाहिले आहे. एकदम बरेच पक्षी मेले तर मेलेले पक्षी हाताळू नका, विकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

टर्की : टर्की कोंबड्यांबरोबर पाळूच नका. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांबरोबर एक रोग टर्कीला होतो आणि तिचे यकृत नासते. कोंबडी त्या रोगाने सहसा मरत नाही, पण टर्की मरते. गिनी कोंबडी मात्र चालते. ती परके माणूस किंवा साप दिसला की अंगण डोक्यावर घेते.

पिल्ले आणल्यापासून मोकळी सोडेपर्यंत

एक दिवसाची पिल्ले आणून अंगणात सोडली तर कोणतीही जात टिकणार नाही. पहिले सहा आठवडे त्यांना वेगळ्या, कोरड्या, उबदार जागेत ठेवा. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. वीस पिल्लांना साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब पुरतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. तो लावून पिल्ले गारठून मेल्याची उदाहरणे माझ्यासमोर आली आहेत. पिल्ले बल्बखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा होतो आहे. सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर आहे.

सहा आठवड्यांनंतर पिल्ले खुराड्यात हलवा आणि आठ-दहा दिवस आतच कोंडून खाद्य-पाणी द्या. घर कुठले हे त्यांना कळले पाहिजे. मग रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी तासभर सोडायला लागा. खाद्य संध्याकाळीच आणि खुराड्यातच द्या, म्हणजे अंधाराआधी त्या आपल्या पायांनी घरी येतात. मावशींच्या चार कोंबड्या एवढ्या एका गोष्टीसाठी गेल्या. मी त्यांना ही गोष्ट सांगितलीच नव्हती.

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच करा. दर मोठ्या पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा धरा आणि आत बसायला आडव्या काठ्या लावा. दाराला कडी हवी. नुसता दगड रानमांजर ढकलते.

संध्याकाळचे खाद्य दर पक्ष्याला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे वीस पक्ष्यांना रोज पाऊण किलोच्या आसपास. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, कोंडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि शिंपल्याचा चुरा असे मिश्रण चालते. शिंपल्याने अंड्याचे कवच घट्ट होते. बुरशी आलेले धान्य किंवा पेंड "कोंबड्यांना काय होतंय" म्हणून घालू नका. बुरशीचे विष सर्वांत आधी पिल्लांनाच मारते.

शेतात औषध फवारले असेल, औषध लावलेले बी पेरले असेल किंवा उंदरांसाठी विषारी आमिष ठेवले असेल, तर त्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवा.

मानमोडीची लस : जातीइतकीच महत्त्वाची

कोणतीही जात घ्या, मानमोडी तिला ओळखत नाही. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. मान वळते, पातळ हिरवट हगवण लागते आणि चार दिवसांत खुराडे ओस पडते. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीची टोचणी. देवीची लस केव्हा द्यायची आणि पुढच्या लसी कोणत्या, हे आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

लसीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एकट्या घराला ती परवडत नाही. म्हणून आळीतल्या दहा घरांनी एक दिवस ठरवावा आणि साऱ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घ्याव्यात. लस बर्फातूनच आणा. उन्हात खिशातून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. शेजारच्या कोंबड्या टोचल्या नाहीत तर तुमच्याही सुरक्षित नाहीत, कारण मोकळ्या कोंबड्यांना बांध ठाऊक नसतो.

बाजारातून नवी कोंबडी आणली तर ती दोन-तीन आठवडे वेगळी डालग्याखाली ठेवा. आठवडी बाजारातून आलेली एक कोंबडी सगळ्या आळीची खुराडी रिकामी करू शकते.

थोडक्यात, लक्षात ठेवा

१. तक्ता पाहण्याआधी अंगण पाहा. घार, कुत्रा, मुंगूस, कुंपण आणि गुरे किती, ते मोजा.
२. मोकळ्यावर रंगीत, हलकी, चपळ कोंबडी घ्या. पांढरी आणि जड टाळा.
३. एकाच जातीवर विसंबू नका. अंड्यांसाठी सुधारित, पिल्लांसाठी आणि राखणीसाठी गावरान ठेवा.
४. सुधारित जातींची पिल्ले पशुसंवर्धन विभागाच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. दारावर टोपली घेऊन आलेल्याकडून घेऊ नका.
५. कोंबड्यांचे खाद्य शेळ्या-गुरांच्या तोंडी लागू देऊ नका.
६. मेलेला पक्षी पुरून टाका.
७. मानमोडीची लस आळीने मिळून द्या.

त्या मावशींकडे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी आधी तासभर ओट्यावर बसून अंगण पाहिले, त्यांना विचारले आणि मग दोघांनी मिळून पक्षी ठरवले. आता त्यांच्याकडे ग्रामप्रिया आहेत आणि त्या जुन्या तांबडीच्या लेकी-नातीही आहेत. विकलेल्या करडाची भरपाई व्हायला दोन वर्षे लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सारे इतक्या तपशिलाने लिहिले.

तुमच्या अंगणात कोणती जात टिकली आणि कोणती टिकली नाही, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पत्रात गुरे-शेळ्या किती, कुंपण कसे आणि पक्षी कशाने गेले, हेही लिहा. आलेल्या पत्रांतील अनुभव पुढच्या कार्यक्रमात सर्वांना ऐकवू.